पेनड्राइव्हचे पाचशे: एका सहस्रचंद्रदर्शनाच्या फोटोंचं दरपत्रक

साताऱ्यातला एक छोटा स्टुडिओ. मालक स्वतः फोटो काढतो, हाताखाली एक मुलगा आहे. एका घरातल्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. थोरला मुलगा साताऱ्यात, धाकटा पुण्यात, मुलगी ह्यूस्टनला. सकाळी पूजा, मग दिव्यांचं औक्षण, नातवंडांबरोबरचे फोटो आणि शेवटी सगळ्या गोतावळ्याचा, म्हणजे ३४ माणसांचा, एक मोठा ग्रुप. थोरल्या मुलाने फोनवर एवढंच विचारलं: “फोटोंचं किती होईल? कॉप्या नकोत. सगळे फोटो पेनड्राइव्हमध्ये द्या, प्रिंट आम्ही काढून घेऊ.”

हा प्रश्न आज गावोगावच्या स्टुडिओत येतो आणि बहुतेक ठिकाणी त्याचं उत्तर चुकतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडलं आहे. स्टुडिओ प्रातिनिधिक आहे. लॅबचे दर, भाडं, पगार गावागणिक बदलतात, तेव्हा इथले आकडे उचलून आपल्या दरपत्रकात टाकू नयेत. हिशेब कसा मांडायचा, तेवढं इथून घ्यावं.

जुनं दरपत्रक

स्टुडिओच्या भिंतीवरचा दर असा होता: कार्यक्रमाचं शूटिंग ६,००० रुपये, ८ बाय १२ ची कॉपी १५० (सगळी मापं इंचांत), १२ बाय १८ फ्रेमसकट १,५००, वीस शीटचा १२ बाय ३६ चा करिश्मा अल्बम (डिझाइन करून छापलेल्या पानांचा) ९,०००, आणि सगळ्यात खाली ‘पेनड्राइव्ह ५००’.

ही रचना फिल्म रोलच्या काळातली आहे. तेव्हा शूटिंगचे पैसे नावापुरते घेतले तरी चालायचं, कारण निगेटिव्ह स्टुडिओच्या कपाटात असायची. कॉपीच्या पाठीमागे स्टुडिओचा शिक्का आणि निगेटिव्हचा नंबर. दहा वर्षांनी मावशीला कॉपी हवी झाली तरी तिला त्याच दारात यावं लागे. पेनड्राइव्ह आला तेव्हा मालकाने त्याला वस्तू म्हणून भाव लावला: ३५० ची खरेदी, ५०० ची विक्री. आत काय भरून देतोय याचा भाव कुठेच लागला नाही. फाइल देणं म्हणजे निगेटिव्हच देणं. उलट निगेटिव्हची प्रत काढायला डार्करूम लागायची, फाइलला तेवढंही लागत नाही.

तासाचा भाव

दर ठरवायच्या आधी एक आकडा हवा: कामाचा एक तास स्टुडिओला कितीला पडतो.

वर्षाचा खर्च: जागेचं भाडं १,०८,०००, वीज आणि इंटरनेट ३०,०००, मुलाचा पगार १,४४,०००, पेट्रोल आणि प्रवास ३६,०००, सॉफ्टवेअर आणि हार्डडिस्क २४,०००, दुरुस्ती आणि विमा १८,०००. कॅमेरा, लेन्सा, लाइट, कॉम्प्युटर मिळून ४,८०,००० चा माल चार वर्षांत बदलावा लागतो असं धरलं, तर वर्षाला १,२०,०००. आणि मालकाचा स्वतःचा पगार महिना ३५,०००, म्हणजे ४,२०,०००. एकूण ९,००,०००.

मालकाचा पगार यात धरायचाच. ‘उरेल ते माझं’ या हिशेबात तोटा कधीच दिसत नाही, कारण तो घरखर्चात मुरतो.

वर्षाला ४८ आठवडे, आठवड्याला ६ दिवस, दिवसाला ८ तास म्हणजे २,३०४ तास होतात. पण त्यातले साधारण निम्मेच कोणाच्या तरी बिलात जातात. बाकीचे गिऱ्हाइकांशी बोलण्यात, लॅबच्या फेऱ्यांत, वसुलीत आणि रिकाम्या दुपारींत संपतात. १,२०० तास धरले. नऊ लाख भागिले बाराशे: तासाला ७५० रुपये.

आता हे काम किती तासांचं, ते पाहू. बोलणं आणि जागा पाहणं १, जाणं-येणं १, शूटिंग ५. कार्ड उतरवून दोन ठिकाणी कॉपी करणं आणि निवड अडीच. १५० फोटोंचं कलर करेक्शन प्रत्येकी २ मिनिटांनी ५ तास. बारा खास फोटोंचं रिटचिंग ३ तास: त्यातल्या तीन मोठ्या ग्रुपना अर्धा-अर्धा तास (कोणाचे तरी डोळे मिटलेले असतातच, दुसऱ्या फ्रेममधून चेहरा आणावा लागतो), उरलेल्या नऊंना दहा-दहा मिनिटं. सुपूर्त करणं अर्धा तास. एकूण १८ तास, म्हणजे १३,५०० रुपये. एकही कॉपी न काढता.

तोटा पेनड्राइव्हने आणला का?

मालकाची तक्रार अशी, की पूर्वी लोक कॉप्या घ्यायचे तेव्हा परवडायचं. पेनड्राइव्हने धंदा बुडवला. हे तपासून पाहणं गरजेचं आहे.

पूर्वीची अशा घरची ऑर्डर धरू: बारा फोटोंच्या दोन-दोन कॉप्या, तीन फ्रेम, एक अल्बम.

८ बाय १२ ची एक कॉपी लॅबमधून ३० रुपयांना पडते. पण फोटोचं नाव टिपून घेणं, छपाईसाठी फाइल तयार करणं, लॅबला पाठवणं, आलेली कॉपी रंगासाठी तपासणं यात फोटोमागे दहा मिनिटं जातात, म्हणजे १२५ रुपये. तेव्हा पहिली कॉपी १५५ ला पडते आणि १५० ला विकली जाते. पाच रुपये पदरचे. दुसऱ्या कॉपीला मात्र नुसते ३० लागतात. दोन कॉप्यांचे ३०० आले, खर्च १८५, उरले ११५. बारा फोटोंचे १,३८०.

फ्रेम: छपाई, माउंटिंग, चौकट, काच मिळून ५५०. फ्रेमवाल्याकडच्या फेरीला अर्धा तास, ३७५. दीड हजारातून उरले ५७५, तिन्हींचे १,७२५.

अल्बम: लॅबचा खर्च ५,०००, वीस शीटचं डिझाइन ४ तास, म्हणजे ३,०००. नऊ हजारांतून उरले १,०००. अल्बमवर चार हजार सुटतात, असं मालक सांगायचा. त्यातले तीन हजार रात्री जागून केलेल्या डिझाइनचे होते.

बेरीज ४,१०५. शूटिंगचे ६,००० धरून १०,१०५. लागणार होते १३,५००. म्हणजे भरभरून कॉप्या घेणारं गिऱ्हाईकही स्टुडिओला ३,३९५ रुपयांनी आतबट्ट्याचं होतं.

पेनड्राइव्ह घेणाऱ्याचा हिशेब: ६,००० अधिक ५००, वजा ३५०, वर एक फ्रेम घेतली तर तिचे ५७५. हातात ६,७२५, तूट ६,७७५. तोटा दुप्पट झाला हे खरं, पण तो आधीपासून होता. लग्नसराईत भरून निघायचा म्हणून दिसत नव्हता, एवढंच.

इथून दोन गोष्टी निघतात. शूटिंग आणि एडिटिंगचा पूर्ण खर्च पहिल्याच ओळीत वसूल झाला पाहिजे, पुढे कोणी कॉपी घेवो वा न घेवो. आणि फाइलची किंमत लावायची ती तिच्यामुळे बुडणाऱ्या कॉप्यांवरून, पेनड्राइव्हच्या खरेदीवरून नाही.

पहिली ओळ: ६,००० वरून १०,५००

सहा हजारांवरून एकदम साडेतेरा हजारांवर उडी मारली तर गिऱ्हाईक दुसऱ्या स्टुडिओत जाईल. म्हणून आधी काम आवरलं. दीडशे फोटो लोकांना हवे असतात असं आपण समजतो. घरचे पाहतात ते पन्नास-साठ. करेक्शन ६० फोटोंचं ठेवलं: ५ तासांऐवजी २. शूटिंग ४ तास. एकूण १४ तास, १०,५०० रुपये.

यात काय येतं ते लिहून दिलं: चार तास शूटिंग, ६० फोटो करेक्शन करून, त्यातले १२ रिटच करून, आणि साठही फोटोंच्या मोबाइलसाठीच्या छोट्या फाइली.

छोटी फाइल किती छोटी, यावर थांबायला हवं, कारण इथेच बरेच जण फसतात. लांब बाजू २०४८ पिक्सेल ठेवायची पद्धत आहे. पण २०४८ भागिले १२ म्हणजे १७१ डीपीआय (छापताना इंचामागे एवढे पिक्सेल). एवढ्यात ८ बाय १२ ची कॉपी हातात धरण्याइतपत बरी निघते. म्हणजे फुकट दिलेल्या फाइलीनेच सगळ्यात जास्त खपणारी कॉपी मारली. इथे लांब बाजू १२०० ठेवली. मोबाइलवर आडवा फोटो स्वच्छ दिसतो, ४ बाय ६ ची कॉपी २०० डीपीआयने निघते, ८ बाय १२ मात्र १०० वर येते आणि मऊ दिसते. ॲपमधून फोटो मोठा करून घेणारे असतातच. आजोबांच्या एकट्याच्या फोटोला ते काही प्रमाणात जमतं. पण ३४ जणांच्या ग्रुपमध्ये एका रांगेत बारा माणसं असली की १२०० पिक्सेलमध्ये माणशी शंभरसुद्धा उरत नाहीत, त्यात चेहरा तिसाच्या आसपास. तेवढ्यातून ॲप जो चेहरा बनवतं तो कोणाचाच नसतो.

फाइलची किंमत

आधी कॉपीचे भाव सुधारले: ८ बाय १२ ची पहिली कॉपी ३५०, त्याच फोटोची पुढची १३०. पहिलीवर १९५ उरतात, पुढच्या प्रत्येकीवर १००. १२ बाय १८ ची फ्रेम १,९००; खर्च ९२५, उरतात ९७५.

आता मोठ्या ग्रुपचा फोटो घ्या. त्यात नऊ घरं आहेत. प्रत्येक घराने एक कॉपी घेतली तर १९५ अधिक ८००, म्हणजे ९९५. वर थोरल्या घरात एक फ्रेम, ९७५. या एका फोटोवर १,९७० सुटतात. उरलेल्या अकरांच्या सरासरी दोन कॉप्या धरल्या तर प्रत्येकी २९५.

सगळ्या बारांच्या कॉप्या गेल्या असत्या तर १,९७० अधिक ३,२४५, म्हणजे ५,२१५ सुटले असते. दोन फोटो कोणीच घेतले नाहीत असं धरलं तर ४,६२५. त्यावर थोडं चढवून बारा फाइलींचा सेट ४,८०० ठेवला. फाइलमागे ४०० पडले.

मग सुटी फाइल ४०० ला द्यावी का? नाही. गिऱ्हाईक एकच फाइल मागतं तेव्हा सरासरी फोटो मागत नाही. ज्याच्या नऊ कॉप्या गेल्या असत्या नेमका तोच मागतं. सरासरीने भाव लावला की मलई चारशेत जाते आणि उरलेले अकरा फोटो हार्डडिस्कवर पडून राहतात. म्हणून मोठ्या ग्रुपची सुटी फाइल २,०००, इतर कोणतीही १,२००. तीन सुट्या घेतल्या की ४,४०० होतात, चौथीला सेटच स्वस्त पडतो. तसा तो पडावा अशीच मांडणी आहे.

याच कारणाने अर्धा सेट अर्ध्या किमतीला देता येत नाही. निवडलेल्या सहांत ग्रुप असणारच: १,९७० अधिक पाच गुणिले २९५, म्हणजे ३,४४५. सहा फाइलींना ३,६०० लावले.

रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या, करेक्शन न केलेल्या मूळ फाइली, दरपत्रकात ठेवल्या नाहीत. घरात एखादा भाचा एडिटिंग करणारा असतो, तो मागतो. पण रॉ म्हणजे अर्धवट काम. त्याने केलेला निळा-हिरवा रंग स्टुडिओच्या नावाने फिरतो आणि चार माणसांना तोच स्टुडिओचा नमुना वाटतो.

कायद्याचं एक कलम

परदेशी फोटोग्राफरांचे सल्ले वाचून आपल्याकडे अनेकांची समजूत झाली आहे, की फोटोचा कॉपीराइट आपोआप काढणाऱ्याचाच. भारतात इथे गोम आहे. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७: एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो फोटो काढून घेणारा. म्हणजे काहीच लिहिलं नसेल तर सहस्रचंद्रदर्शनाच्या फोटोंचा कॉपीराइट त्या कुटुंबाचा. हक्क कोणाचा आणि पूर्ण आकाराची फाइल देणं ठरल्या व्यवहारात बसतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पण कागद नसला की वाद दोन्हींवर होतो.

म्हणून कोटेशनच्या पाठीमागे चार ओळी आणि खाली गिऱ्हाइकाची सही, शूटिंगच्या आधी. कॉपीराइट स्टुडिओकडे राहील. घेतलेल्या फाइलींच्या घरगुती वापरासाठी कितीही कॉप्या काढता येतील, नातेवाइकांना पाठवता येतील. जाहिरातीत किंवा व्यवसायात वापरायचं तर आधी लेखी परवानगी. आणि स्टुडिओ हे फोटो आपल्या शोकेसमध्ये किंवा इन्स्टाग्रामवर लावेल का, यासाठी वेगळी हो-नाहीची चौकट. शेवटची अट उलट्या बाजूने गिऱ्हाइकाला राखते. ती असली की बाकीच्या तिन्हींवर सही सहज मिळते.

जीएसटीचं थोडक्यात: सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावताही येत नाही. हा स्टुडिओ त्यातच बसतो. नोंदणी असेल तर फोटोग्राफीच्या सेवेवर १८ टक्के. म्हणजे १०,५०० अधिक ४,८०० हे १५,३०० चं बिल १८,०५४ होतं. कोटेशनमध्ये ‘कर वेगळा’ लिहिलं नसेल तर कर १५,३०० मध्येच धरला जातो आणि साधारण २,३३४ स्टुडिओच्या खिशातून जातात.

बोलणी

सहस्रचंद्रदर्शनाची तारीख घाईने ठरत नाही. हजार पौर्णिमांचा हिशेब २९.५३ दिवसांनी मांडला तर साधारण ८० वर्षं १० महिने होतात. बहुतेक घरी एक्क्याऐंशीव्या वर्षात, सगळ्यांना सुट्ट्या जमतील तेव्हा सोहळा करतात. ह्यूस्टनचं तिकीट काढलेलं असतं. तेव्हा ‘उद्यापर्यंत कळवतो’ म्हणून घाईत आकडा फेकायची गरज नव्हती. कोटेशन कागदावर गेलं.

अपेक्षित प्रश्न आलाच. “लॅबमध्ये कॉपी तीस रुपयांना मिळते आणि तुम्ही फाइलचे ४,८०० सांगता?”

यावर पिक्सेल-डीपीआय सांगत बसू नये. दिलेलं उत्तर असं: “काका, तीस रुपयांना कागद मिळतो. त्या कागदावर जे येणार ते आम्ही बनवतोय. फाइल दिली की तुमच्या नऊ घरांत कितीही कॉप्या निघोत, आम्हाला पुन्हा काही मिळणार नाही. ते एकदाच घेतोय. फाइल नको असेल तर कॉपीचे दर बाजूलाच आहेत, हव्या तेवढ्याच घ्या.”

मग ‘पंधरा हजार तीनशेचे बारा करा’. इथे नियम एकच पाळला: किंमत कमी करायची तर काम कमी करायचं. सहा फाइली घेतल्या तर १४,१००. त्यावर शूटिंगही तीन तासांवर आणलं तर १३,३५०. फक्त औक्षण आणि ग्रुप, दोन तास, याचा वेगळा भाव. त्याच कामाचा भाव उतरवला की पहिला आकडा खोटा होता असं गिऱ्हाइकाला वाटतं, आणि त्याचं चुकतही नाही.

शेवटी ठरलं: १०,५०० अधिक बारा फाइली ४,८०० अधिक आजोबा-आजींची एक फ्रेम १,९००. एकूण १७,२००. निम्मे पैसे तारीख पक्की करताना, बाकीचे पैसे फोटो दाखवल्यावर. पूर्ण आकाराच्या फाइली पैसे पूर्ण आल्यावरच. तोवर वॉटरमार्क टाकलेली गॅलरी. या क्रमात सवलत देऊ नये. फाइल हातात पडल्यावर राहिलेले पैसे मागायला स्टुडिओकडे काही उरत नाही.

सुपूर्त काय केलं

पेनड्राइव्हमध्ये दोन फोल्डर. ‘छपाईसाठी’ यात बारा फाइली: जेपेग, सर्वोच्च दर्जाच्या जवळ, एसआरजीबी (मोबाइल आणि लॅबा सहसा वापरतात ती रंगपद्धत), ६००० बाय ४००० पिक्सेल. ‘मोबाइलसाठी’ यात साठ, १२०० पिक्सेलच्या. ह्यूस्टनला तेच लिंकवर, तीस दिवसांसाठी.

फाइल अॅडोब आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीत राहिली तर बऱ्याच लॅबा आणि काही ॲप ती एसआरजीबी समजूनच वाचतात, आणि लाल-केशरी रंग मेलेले येतात. पैठणीच्या कार्यक्रमात हे परवडत नाही. फाइलवर ‘३०० डीपीआय’ लिहिलेलं असणं ही नुसती चिठ्ठी आहे. छपाईला लागतात ते पिक्सेल. ६००० बाय ४००० मधून १२ बाय १८ ची कॉपी ३३३ डीपीआयने निघते, २० बाय ३० ची २०० ने. दिवाणखान्याच्या भिंतीवर तेवढं पुरतं.

सोबत बाराही फोटोंच्या ४ बाय ६ च्या कॉप्या दिल्या, पैसे न घेता. लॅबचे आठ रुपयांप्रमाणे ९६. प्रमाण कॅमेऱ्याच्या फ्रेमइतकंच, ३ ला २, म्हणून कातरकाम नाही. फोल्डर जसंच्या तसं लॅबला गेलं, वेगळा वेळ लागला नाही. या कॉप्या भेट म्हणून दिलेल्या नाहीत, रंगाचा पुरावा म्हणून दिल्या आहेत. उद्या पुण्याच्या लॅबमधून आलेली कॉपी लालभडक निघाली तर भांडण कोणाशी करायचं ते ठरवायला शेजारी ठेवायला काहीतरी हवं. फाइल विकणाऱ्या प्रत्येक स्टुडिओने हा खर्च करावाच, असं आमचं मत आहे.

बिघडलं काय

तीन गोष्टी.

पुण्याच्या मुलाने ग्रुपचा फोटो वहिनीकडून व्हॉट्सॲपवर मागवला आणि त्यावरून १२ बाय १८ ची कॉपी काढली. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲपवर लांब बाजूने साधारण १६०० पिक्सेलपर्यंत आवळला जातो. १६०० भागिले १८, म्हणजे ८९ डीपीआय. चेहरे पुसट. फोन स्टुडिओला: “तुम्ही दिलेली फाइलच खराब आहे.” फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली असती तर जशीच्या तशी पोचली असती. २०२३ पासून असलेला एचडीचा पर्याय बरा, पण तोही मूळ फाइल पाठवत नाही.

दुसरा घोळ ह्यूस्टनचा. अमेरिकेत दुकानांत मोठ्या मापाच्या तयार फ्रेमा मिळतात त्या सहसा ८ बाय १० आणि ११ बाय १४ च्या. तीनास दोनचा फोटो ८ बाय १० मध्ये बसवताना रुंदीचा सहावा हिस्सा जातो, प्रत्येक बाजूला सव्वाआठ टक्के. ३४ माणसांच्या रांगेत टोकाला कोण उभं असतं? जावई. दोन्ही टोकांचे दोन जावई कापले गेले, आणि ते कोणी केलं याची चर्चा तीन शहरांत झाली. उपाय कॅमेऱ्यामागेच करायचा असतो: मोठा ग्रुप काढताना दोन्ही बाजूंना दहा-दहा टक्के जागा मोकळी सोडायची. इथे ती सोडलेली नव्हती. मग वरखाली पार्श्वभूमी वाढवून ६००० बाय ४८०० ची वेगळी फाइल करून पाठवावी लागली.

तिसरं, मुंबईच्या एका पुतण्याने जवळच्या लॅबमध्ये कॉपी काढली. तिथल्या मशीनवर आपोआप करेक्शन चालू होतं. औक्षणाच्या फोटोतला दिव्यांचा पिवळसर उजेड त्याने ‘दुरुस्त’ केला आणि आजी आजारी दिसायला लागल्या. ४ बाय ६ ची कॉपी शेजारी ठेवल्यावर प्रश्न तिथेच मिटला.

या तिन्हींत मिळून दीड तास गेला, १,१२५ रुपयांचा.

हिशेब

आले १७,२००. गेले: काम १०,५००, फ्रेम ९२५, पेनड्राइव्ह ३५०, छोट्या कॉप्या ९६, वरचे फोन आणि दुरुस्ती १,१२५. एकूण १२,९९६. मालकाचा पगार निघून वर ४,२०४ राहिले. याच घराला जुन्या दरपत्रकाने ६,७७५ ची तूट आली असती.

या कामाचे १५ ते १८ जीबी (६०० फोटो, रॉ फाइल २५ ते ३० एमबी) दोन हार्डडिस्कवर ठेवले आहेत. किती दिवस, हे कोटेशनमध्ये लिहिलं: एक वर्ष. त्यात फाइली हरवल्या म्हणून पुन्हा मागितल्या तर ५०० रुपये, वर्षानंतर हमी नाही.

ही मांडणी सगळीकडे लागू नाही. शाळेचे वर्गाचे फोटो, पासपोर्ट, किंवा घरात फाइल उघडणारंच कोणी नाही अशी वयस्कर जोडपी, इथे आजही कॉपीवरच भाव लावलेला बरा; फक्त पहिली आणि पुढची कॉपी यांचे दर वेगळे ठेवावेत.

दीड तासाचा तो खर्च पुढच्या कामात टळावा म्हणून पेनड्राइव्हच्या डबीत आता एक चिठ्ठी जाते:

“मोठ्या कॉपीसाठी ‘छपाईसाठी’ या फोल्डरमधलीच फाइल लॅबला द्या. व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ४ बाय ६, ८ बाय १२, १२ बाय १८ आणि २० बाय ३० या मापांत फोटो पूर्ण बसतो. ८ बाय १० आणि ११ बाय १४ मध्ये कडा कापल्या जातात, त्या मापांसाठी आधी आम्हाला कळवा. लॅबमध्ये ‘करेक्शन नको’ असं सांगा. रंग सोबतच्या छोट्या कॉपीशी जुळवून पाहा. फाइली आजच आणखी एका ठिकाणी उतरवून ठेवा, पेनड्राइव्ह हरवतो.”